चंद्राच्या पायाचं ऑपरेशन: पनवेलजवळच्या घोड्यांच्या दवाखान्याचा अनुभव

येऊरच्या पायथ्याशी आमचा छोटा तबेला आहे, मुलांना घोडेस्वारी शिकवतो. त्यातली चंद्रा, तीन वर्षांची थरोब्रेड घोडी, दिवाळीनंतर उजव्या मागच्या पायाने लंगडायला लागली. चालताना कळायचं नाही. दुडकीवर गोल फिरवली की उजवा पुठ्ठा वर उचलला जायचा. सूज नाही, ताप नाही. नालबंदाने नाल काढून खूर पाहिला, तोही ठीक. एका डॉक्टरांनी एक्स-रे न काढताच मुरगळलंय म्हणून दोन महिने वेदनाशामक दिलं. औषध थांबलं की पुन्हा तेच. त्या दोन महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

पनवेलजवळच्या दवाखान्यात सर्जनबाईंनी आधी इंजेक्शन देऊन त्या पायाचा मांडीखालचा सांधा बधिर केला आणि परत दुडकी पाहिली. चंद्रा जवळजवळ सरळ धावली! दुखणं तिथेच, हे तेव्हाच ठरलं. मग एक्स-रे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूला, कूर्चेच्या लगेच खाली वाटाण्याएवढा काळा गोल दिसला. हाडातली सिस्ट, म्हणजे हाडात झालेली पोकळी. बाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून सांगितलं, ‘घोड्याचा हा सांधा म्हणजे आपला गुडघाच, भार नेमका इथेच येतो.’ सिस्टमध्ये स्टेरॉइड सोडता येतं, दुर्बिणीतून खरवडता येते, पण खरवडताना वरची कूर्चाही जाते. म्हणून त्यांनी सिस्टमधून आरपार ४.५ मिलिमीटरचा स्क्रू बसवायचं सुचवलं, म्हणजे हाड हळूहळू भरून येतं. शंभर टक्के बरी होईल असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मला तेच पटलं.

खरी भीती भूल उतरण्याची. घोडं धडपडून उठताना पाय मोडून घेऊ शकतं. भिंतीला जाड गाद्या लावलेली खोली, डोक्याला आणि शेपटीला दोर. आधी कान हलले, मग खालचा ओठ. छातीवर आली, बराच वेळ तशीच बसून राहिली. आमचे मोतद्दार काका खिडकीपाशी तिचं नाव पुटपुटत होते. पुढचे पाय ताणून ती एका झटक्यात उभी राहिली, तेव्हा काकांना बोलवेना.

दोन गोष्टी खटकल्या. घरी सोडल्यावर फोन कोणी उचलत नव्हतं, जखमेच्या टाक्याजवळ पाणी दिसलं तेव्हा एक रात्र आम्ही जागून काढली. आणि फ्लोटचं, म्हणजे घोडा नेण्याच्या गाडीचं, भाडं वेगळं, हे आधी सांगायला हवं होतं.

पहिले काही आठवडे ती तबेल्यातच होती, मग रोज हाताने चालवणं. परवाच्या एक्स-रेत तो काळा गोल लहान झालाय. दुडकीवर पुठ्ठा समान हलतो. खोगीर अजून चढवलेलं नाही, बाई हो म्हणाल्याशिवाय चढवणारही नाही. तरणी घोडी सूज नसताना मागून लंगडत असेल, तर औषधाआधी एक्स-रे मागा आणि इथे दाखवा.