कॉइल वळायचं किट: जिग ठीक, मीटर उत्तम, तार बदला

ई-सिगारेटमध्ये (व्हेपमध्ये) लिक्विड तापवणारी तारेची कॉइल स्वतः वळण्यासाठी वेगवेगळ्या नावांनी विकलं जाणारं हे किट आतून जवळपास सारखंच असतं: चेन लावलेली छोटी पिशवी, त्यात कॉइल वळायचं जिग (तार गुंडाळायचं हत्यार), सिरॅमिक टोकांचा चिमटा, तार कापायचं कटर, कॉइलचा रेझिस्टन्स (विजेला होणारा रोध) मोजायचं ओहम मीटर, दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, कापसाच्या पट्ट्या आणि तारेची एक-दोन रिळं. जाहिरातीत सगळा भर जिगवर. खरे पैसे वसूल होतात ते मीटर, चिमटा आणि कटर यांत.

आधी तारेबद्दल, कारण सगळ्यात मोठी गडबड तिथेच आहे. रिळावर नुसतं ‘26 गेज’ छापलेलं असतं आणि धातूचं नाव पुसट किंवा गायबच. धातू माहीत नसेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. 3 मिमीच्या सळईवर 26 गेजचे (0.4 मिमी) 6 वेढे घेतले, तर पायांसकट (जोडणीसाठी सोडलेल्या दोन टोकांसकट) साधारण 75 मिमी तार लागते. ती कँथल ए-1 (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) असेल तर कॉइल 0.84 ओहमच्या आसपास येते, नायक्रोम 80 (निकेल-क्रोमियम) असेल तर 0.63 आणि एसएस 316एल (स्टेनलेस स्टील) असेल तर जेमतेम 0.44. जाडी तीच, वेढे तेवढेच, पण रेझिस्टन्स जवळपास निम्म्यावर.

तार ओळखायची एक सोपी युक्ती आहे. चुंबक लावा. कँथलमध्ये लोखंड असल्याने ती चटकन चिकटते. नायक्रोम 80 चिकटत नाही. 316एल बहुधा चिकटत नाही, पण ओढून बारीक केलेली तार कधी किंचित हलते. शंका राहिली तर दोन पोस्टमध्ये (कॉइलचे पाय स्क्रूने आवळायच्या खांबांत) बरोबर 10 सेंमी तार अडकवून, डिव्हाइसचं बटण न दाबता, रेझिस्टन्स मोजा: कँथल सुमारे 1.13, नायक्रोम 0.85, 316एल 0.58. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी नायक्रोमच्या वाटेला जाऊ नये. 316एलमध्येही निकेल असतंच, त्यामुळे त्यांच्यासाठी कँथल बरी. मात्र टेंपरेचर कंट्रोल (डिव्हाइसने कॉइलचं तापमान आपोआप आवरणं) वापरायचा असेल तर कँथल निरुपयोगी, कारण तापल्यावर तिचा रेझिस्टन्स जवळजवळ बदलत नाही आणि डिव्हाइसला तापमान कळायला काही आधारच उरत नाही. तिथे 316एल घ्या आणि वेढ्यांमध्ये थोडी फट ठेवा.

जिगमध्ये 1.5 ते 3.5 मिमीच्या सळया येतात. तारेचं टोक खाचेत अडकवायचं, टोपी वरून घट्ट दाबून धरायची आणि फिरवायची. दाब ढिला पडला की दोन वेढ्यांत फट राहते. 26 आणि 28 गेजवर काम सफाईदार होतं. 24 गेजची (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) तार टोपीच्या भोकाशी अडते आणि क्लॅप्टन (एका तारेवर बारीक तार गुंडाळलेली) तर शिरतच नाही. ती सळईवर हातानेच वळावी. सळईवरून काढल्यावर तार थोडी उसळते आणि आतला व्यास किंचित वाढतो, म्हणून बसवताना सळई पुन्हा आत घालूनच स्क्रू आवळा. पाय स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवा. उलट्या दिशेने वळवले तर स्क्रू आवळताना पाय बाहेर ढकलला जातो आणि कॉइल वाकडी होते. दोन्ही पाय एकाच बाजूला हवेत की विरुद्ध, हे डेक (पोस्ट असलेली, कॉइल बसवायची जागा) पाहून आधी ठरवा. अर्ध्या वेढ्याचा फरक तिथे पडतो.

कटरचं पातं एका बाजूने सपाट आहे, तीच बाजू पोस्टला टेकवून उरलेला पाय कापायचा. अर्धा मिलिमीटर टोक बाहेर राहून टाकीच्या भिंतीला टेकलं तरी शॉर्ट होतो.

चिमटा हा या पिशवीतला सगळ्यात कामाचा माल. 10-15 वॉटवर एक-दोन सेकंद बटण दाबून पाहिलं की नवी कॉइल क्वचितच सारखी तापते. एखादा वेढा किंवा पायाजवळचा भाग आधी लाल होतो. बटण सोडून सिरॅमिक टोक वेढ्यांवरून हलकेच फिरवा, चिमटीत दाबा, पुन्हा बटण दाबा. लाली मधून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे सारखी पसरेपर्यंत हेच. कँथलवर या तापण्याने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढतो, त्यामुळे चिकटलेले वेढेसुद्धा एकमेकांत शॉर्ट होत नाहीत. साधा धातूचा चिमटा इथे चालत नाही. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा अशा कोरड्या लाल करायच्याच नाहीत.

मीटर दोन दशांश दाखवतं आणि आकडा स्थिर राहतो. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, कारण त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स 0.1-0.3 ओहम भरतो. आकडा नाचत असेल तर स्क्रू सैल आहे. कॉइल तापवून झाल्यावर ते पुन्हा एकदा आवळाच. 0.44च्या दोन कॉइल एकत्र लावल्या की 0.22 होतात आणि भरलेल्या 4.2 व्होल्टच्या बॅटरीतून थेट 19 अँपिअर ओढले जातात. 10 अँपिअरच्या सेलवर हा खेळ करू नका. मेकॅनिकल मॉडमध्ये (बॅटरी थेट कॉइलला जोडणाऱ्या साध्या डिव्हाइसमध्ये) अडवणारं सर्किटच नसतं, तिथे मीटरचा आकडा न बघता बॅटरी घालणं निव्वळ वेडेपणा.

कापूस बरा आहे. त्याची वात कॉइलच्या आत ओढताना नेफ्यातल्या नाडीइतकी किंचित अडली पाहिजे. कोंबून भरली तर लिक्विड पोहोचत नाही आणि करपट चव येते, सैल राहिली तर टाकी गळते. टोकं विंचरून थोडी विरळ करा, भिजवा, मगच बटण दाबा.

स्क्रूड्रायव्हर मात्र मऊ लोखंडाचे आहेत. षटकोनी टोक लवकर गोल होतं आणि जाताजाता पोस्टचे स्क्रूही खराब करतं. चांगली ॲलन की आणि चार जादा स्क्रू वेगळे घेऊन ठेवा.