क्यूबा १९६२: हल्ला की नाकेबंदी?

ऑक्टोबर १९६२. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आल्याचं कळल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींपुढे मुख्यतः दोन वाटा होत्या. हवाई हल्ला म्हणजे झटपट निकाल. हवाईदलप्रमुख कर्टिस लमे त्यासाठी हटूनच बसले होते. पण एकूण एक क्षेपणास्त्र टिपू, अशी हमी हवाईदलाकडे नव्हती. एखादं जरी सुटलं तरी खेळ खलास. त्यात बेटावर छोटी अण्वस्त्रंही होती, आणि वॉशिंग्टनला त्यांचा पत्ताच नव्हता! नाकेबंदी, म्हणजे क्यूबाकडे जाणारी जहाजं समुद्रातच अडवणं, त्यामानाने मिळमिळीत. आधीच पोहोचलेली क्षेपणास्त्रं तिनं हलणार नव्हती. मात्र सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना माघारीला सवड मिळत होती. म्हणून माझं मत तिलाच. केनेडींनी तीच निवडली, आणि २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह नमले. अर्थात तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढायची कबुली केनेडींनीही गुपचूप दिली होती.