विमान रद्द झालं तर ‘रिफंड’चं बटण लगेच दाबू नका

युरोपात राहणाऱ्या आणि आई-बाबांना इथे स्वस्तातल्या विमानाने फिरवायला नेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. एका अतिस्वस्त विमान कंपनीने एकाच रात्रीत आमच्याकडून आधी बॅगांचे पैसे उकळले आणि नंतर विमान रद्द करून आमचे हक्क आमच्याच हातून सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. यातली दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण ती फसवणूक वाटतच नाही, मदत वाटते.

मी आणि नवरा नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहतो. आई-बाबा सांगलीहून आले होते. त्यांना स्पेनमधलं बार्सिलोना दाखवायचं ठरलं. तिकीट माणशी तीस युरोच्या आत मिळालं. त्यात समोरच्या सीटखाली मावेल अशी एकच छोटी बॅग, ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर. म्हणून टेप लावून मापाच्या सॅक घेतल्या होत्या. जाताना कोणी हटकलं नाही.

परतीच्या वेळी बार्सिलोनाच्या गेटवर त्याच सॅक अडवल्या. आमच्या दोघांच्या नाही, फक्त आई-बाबांच्या. आईच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात औषधांचा चौकोनी डबा होता, त्यामुळे सॅक मापाच्या लोखंडी चौकटीत बोटभर वर राहिली. आईने तिथेच खाली बसून डबा काढला, कोटाच्या खिशात घातला आणि सॅक पुन्हा चौकटीत ठेवली. ती अलगद आत बसली. गेटवरची मुलगी म्हणाली, “एकदा मोजली ती मोजली. पासष्ट युरो.” बाबांची सॅक तर तिने चौकटीत घालायलाच लावली नाही. ती फुगलेली दिसते, एवढंच कारण. त्याचेही पासष्ट. रोख चालणार नाही, फक्त कार्ड.

मी वाद घालायला लागले तशी मागची रांग कुरकुरायला लागली. बाबा म्हणाले, “अगं, भरून टाक. विमान सुटेल.” सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. आतल्या रांगेत अडकलेला, विमान सुटायच्या भीतीने घाबरलेला, भाषा न येणारा म्हातारा माणूस पैसे देतोच. एका मोठ्या कंपनीने तर मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅगेमागे मिळणारी रक्कम २०२५ मध्ये दीड युरोवरून अडीच युरो केल्याचं उघडपणे सांगितलं आहे. समोरच्या माणसाला बक्षीस कशाचं मिळतं हे लक्षात ठेवून गेटवर उभं राहा.

पावतीवर बॅगेचा उल्लेख नव्हता, मापाचा नव्हता, आईचं नावही नव्हतं. नुसतं ‘गेट सेवा’ आणि रक्कम. याचा त्रास पुढे झाला.

बॅगांबद्दल कायदा काय म्हणतो ते सांगते. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये एका स्पॅनिश प्रकरणात म्हटलं की विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचे वेगळे पैसे घेता येतील; पण हातातलं सामान प्रवासाचा आवश्यक भाग आहे, आणि त्याचं वजन-माप वाजवी असेल, सुरक्षेचे नियम पाळले असतील, तर त्याचे जादा पैसे लावता येणार नाहीत. ‘वाजवी’ म्हणजे किती सेंटिमीटर, हे मात्र न्यायालयाने सांगितलं नाही, आणि त्या फटीतूनच आजची सगळी वसुली चालते. स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हातातल्या सामानाचे पैसे आणि अशाच इतर आकारण्यांसाठी पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. म्हणजे बॅगेचा प्रश्न अजून भिजत पडलेला आहे, आणि तोपर्यंत गेटवर भांडून जिंकण्याची आशा धरू नका. तिथे पुरावा गोळा करा: सॅक चौकटीत बसलेली असताना तिचा फोटो, चौकटीवरच्या मापाचा फोटो, आणि पावतीवर बॅगेचा आकार लिहून देण्याची मागणी. नाही म्हणाले तर तसं म्हणाले हे त्याच क्षणी ईमेलने कंपनीला कळवून ठेवा.

आता खरी गोष्ट.

पैसे भरून आम्ही आत गेलो, जिन्याजवळ ताटकळलो, आणि मग सगळ्यांना परत बाहेर आणलं. विमानात तांत्रिक बिघाड आहे, एवढंच सांगितलं. दुकानं एकेक बंद व्हायला लागली. बाबांना मधुमेह आहे, त्यांना वेळेवर खावं लागतं. काउंटरवर विचारलं तर “अॅप बघा.” रात्री उशिरा ईमेल आली: विमान रद्द.

त्या ईमेलमध्ये दोन बटणं होती. वर मोठं, ठळक: ‘रिफंड घ्या’. खाली बारीक अक्षरात: ‘विमान बदला’. खालचं उघडलं तर फक्त त्याच कंपनीची विमानं, आणि पहिली मोकळी जागा चार दिवसांनी. आई-बाबांचं अॅम्स्टरडॅमहून मुंबईचं विमान त्याआधीच होतं. आजूबाजूला भराभर लोक वरचं बटण दाबत होते. आमच्या शेजारच्या एका विद्यार्थ्यानेही दाबलं. थोड्या वेळाने तो काउंटरवर हॉटेल मागायला गेला तेव्हा त्याला सांगितलं की तुम्ही रिफंड घेतलात, आता तुमची जबाबदारी आमच्यावर नाही.

काउंटरवरची बाई खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच हा सापळा इतका वाईट आहे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम प्रवाशाला निवड देतो: पैसे परत, किंवा लवकरात लवकर दुसऱ्या मार्गाने मुक्कामी पोचवणं. एकदा पैसे परत घेतले की पोचवण्याची जबाबदारी संपते, आणि तिथून पुढचं जेवण, हॉटेल, हॉटेलला नेणारी गाडी हेही संपतं. तीस युरो परत करून कंपनी शेकडो युरोंच्या खर्चातून सुटते. सुटत नाही ती फक्त नुकसानभरपाई. ती वेगळी आहे आणि रिफंड घेतला तरी मागता येते. त्या विद्यार्थ्याला मी हे सांगितलं. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. खरं तर हक्कांची लेखी माहिती प्रत्येक प्रवाशाच्या हातात देणं याच नियमाने कंपनीवर बंधनकारक आहे. त्या रात्री एकाही माणसाला असा कागद मिळाला नाही.

आम्ही बटण दाबलं नाही. चार दिवसांनंतरची तारीख दाखवणाऱ्या पानाचे स्क्रीनशॉट घेतले. कंपनीला ईमेल केली की आम्हाला रिफंड नको, पर्यायी विमान हवं, दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालेल, आणि आजचं हॉटेलही हवं. उत्तर नाही. मग स्वतः विमानतळाजवळ साधं हॉटेल घेतलं, जेवलो, आणि सकाळी दुसऱ्या कंपनीच्या विमानाने ब्रुसेल्सला येऊन तिथून रेल्वेने घरी. तिकिटं महाग पडली. प्रत्येक पावती ठेवली, पाण्याच्या बाटलीचीसुद्धा. कंपनी पर्यायी प्रवासाची सोयच करत नसेल तर प्रवाशाने स्वतः काढलेल्या तिकिटाचा खर्च मागता येतो, हे युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. फक्त आधी मागणी केल्याचा पुरावा हवा आणि खर्च वाजवी हवा.

त्याच रात्री आणखी एक प्रकार घडला. नवऱ्याने समाजमाध्यमावर कंपनीला उद्देशून तक्रार लिहिली. काही मिनिटांत कंपनीचंच बोधचिन्ह लावलेल्या खात्यावरून निरोप आला: गैरसोयीबद्दल क्षमस्व, भरपाई लगेच देतो, व्हॉट्सअॅप नंबर पाठवा. मग फोन आला. बोलणारा गोड, आमचा बुकिंग नंबर विचारणारा. पैसे पाठवण्यासाठी एक अॅप उतरवून घ्या आणि कार्डाचा तपशील भरा म्हणाला. नवऱ्याने फोन ठेवला. विमानं रद्द झाली की हे लोक अशा तक्रारी शोधतच बसलेले असतात. भरपाई देणारी कंपनी तुमच्याकडून अॅप उतरवून घेत नाही. अर्ज फक्त कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा, आणि बुकिंग नंबर दिसेल असा बोर्डिंग पासचा फोटो कुठेही टाकू नका.

घरी आल्यावर नुकसानभरपाईसाठी अर्ज केला. दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो, साडेतीन हजारपर्यंत ४००, त्यापुढे युरोपाबाहेरच्या प्रवासाला ६००. तिकीट कितीला काढलं याच्याशी या रकमेचा संबंध नाही. तीस युरोचं असो की तीनशेचं. विमान सुटायला चौदा दिवसांपेक्षा कमी उरले असताना ते रद्द झालं तर हे लागू होतं. तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं तरीही लागू होतं, हे न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं. हा तीन तासांचा निकष वाढवावा, असा सदस्य देशांच्या मंत्र्यांचा २०२५ चा प्रस्ताव आहे, तेव्हा अर्ज करताना त्या दिवशीचा नियम बघून घ्या.

कंपनीचं उत्तर ठरावीक होतं: ‘असाधारण परिस्थिती’, त्यामुळे भरपाई नाही, सदिच्छा म्हणून चाळीस युरोचं व्हाउचर. हे पहिलं उत्तर वाचूनच बहुतेक लोक सोडून देतात. सोडू नका. वादळ, हवाई नियंत्रकांचा संप हे असाधारण. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड असाधारण नाही, हे न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय. मी त्या निकालाचा उल्लेख करून पुन्हा लिहिलं, व्हाउचर स्पष्ट शब्दांत नाकारलं. तरी दाद लागली नाही तेव्हा स्पेनच्या विमान सुरक्षा संस्थेकडे, ‘आएसा’कडे, तक्रार केली. विमान जिथून सुटायचं होतं त्या देशाच्या संस्थेकडे जायचं, तुम्ही राहता त्या देशाच्या नाही. मधल्या काळात भरपाई मिळवून देणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या जाहिराती दिसत राहिल्या. त्या पाव ते एक तृतीयांश, कधी त्याहूनही जास्त रक्कम स्वतःकडे ठेवतात. सरकारी तक्रार फुकट असते.

काही महिन्यांनी चौघांची भरपाई, हॉटेल, जेवण आणि तिकिटांचा खर्च आला. आई-बाबांच्या सॅकचे एकशे तीस युरो आले नाहीत. ज्या विमानात त्या बॅगा चढल्याच नाहीत त्याचे पैसे कसले, हा माझा प्रश्न. आणि पावतीवर बुकिंग नंबर नाही, हे कंपनीचं उत्तर. ती तक्रार अजून चालू आहे.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. हा नियम युरोपीय संघातून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, कंपनी कुठलीही असो. मुंबईहून इकडे येणाऱ्या विमानाला मात्र तो कंपनी युरोपीय असेल तरच लागतो. म्हणजे अॅम्स्टरडॅमहून मुंबईला जाणारं भारतीय कंपनीचं विमान रखडलं तर आई-बाबा सहाशे युरो मागू शकतात, मुंबईहून येताना तेच विमान रखडलं तर नाही. ब्रिटनमध्ये असाच वेगळा नियम आहे, रक्कम पौंडात: २२०, ३५० आणि ५२०. आई-बाबा एकटे प्रवास करणार असतील तर त्यांच्या तिकिटावर ईमेल आणि फोन नंबर तुमचा द्या, म्हणजे ती दोन बटणांची ईमेल तुमच्याकडे येईल.