जळगावातील एक ‘स्कूल बस चालक कोर्स’: परवान्यासाठी चांगला, नावासाठी अपुरा

माझा भाचा धरणगावात एका शाळेची व्हॅन चालवतो. मोठ्या बसवर जाण्याची त्याची इच्छा होती, म्हणून यंदाच्या उन्हाळी सुट्टीत त्याने जळगावातील एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. या संस्थेच्या फलकावर ‘स्कूल बस चालक कोर्स’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. मी मुलांच्या शाळेतील परिवहन समितीवर पालक प्रतिनिधी असल्यामुळे बसचालकांच्या कागदपत्रांशी माझा संबंध येतो, आणि म्हणून शिकवणी कशी चालते हे पाहण्यासाठी अनेक सकाळी मीही त्याच्यामागच्या आसनावर बसून आलो. गुण आणि दोष दोन्ही लिहायचे असल्याने संस्थेचे नाव घेत नाही. अवजड वाहन शिकवणाऱ्या कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, एवढे तरी यातून कळावे.

सर्वप्रथम फलकाविषयी. ‘स्कूल बसचा परवाना’ असा वेगळा परवाना आपल्याकडे दिला जात नाही. जो मिळतो तो परिवहन वाहनाचा, म्हणजे भाड्याने प्रवासी किंवा माल नेणाऱ्या वाहनाचा, परवाना असतो, आणि तो हातात आला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मुलांनी भरलेली बस चालवता येते, असे मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिलेल्या निर्देशांनुसार शाळेच्या बसच्या चालकाला अवजड वाहन चालवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा लागतो आणि भरधाव, मद्यपान करून किंवा धोकादायक रीतीने वाहन चालवल्याबद्दल त्याच्यावर एकदाही कारवाई झालेली नसावी लागते. नाव नोंदवताना कार्यालयातील लिपिकाने मात्र “परवाना मिळाला की शाळेत लगेच काम” असे सांगितले. नोकरीच्या आशेने गावाकडून आलेल्या पोरांना असे सांगणे मला अजिबात पटले नाही. कोर्सला ‘अवजड प्रवासी वाहन’ एवढेच नाव दिले असते तर माझ्या निम्म्या तक्रारी उरल्याच नसत्या.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र संस्था चोख आहे. परिवहन वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी वय २० वर्षे पूर्ण असावे लागते आणि हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. या दोन्ही गोष्टी तपासल्याशिवाय येथे पैसे घेतले जात नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना १-अ भरून घेताना डोळ्यांची तपासणी खरोखर करायला लावली, हेही नोंदवण्यासारखे आहे. सारथी या परवान्यांच्या सरकारी पोर्टलवरील अर्ज आणि चाचणीची तारीख घेणे ही कामे कार्यालय करून देते. केंद्रीय नियमांतील शुल्क शिकाऊ परवान्याला १५० रुपये, चाचणीला ३०० रुपये आणि परवान्याला २०० रुपये असे आहे. त्यापलीकडे जे घेतले जाते ते शिकवणीचे आणि सेवेचे असते. येथे या दोन्ही रकमांची वेगवेगळी पावती मिळाली, जी मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून अवश्य मागावी.

आता शिकवणीकडे वळतो, कारण या संस्थेची खरी ताकद तेथेच आहे. शिकवणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे आहेत आणि सगळे त्यांना ‘नाना’ म्हणतात. शिकवणीची गाडी जुनी टाटा बस असून डावीकडे शिक्षकासाठी स्वतंत्र क्लच आणि ब्रेक बसवलेले आहेत. मे महिन्यात जळगावचा पारा कुठे जातो हे सांगायला नको, त्यामुळे तुकडी सकाळी सहाला सुरू होते आणि ऊन चढण्याआधी संपते. पहिल्या दिवशी नानांनी कोणालाही गाडी हलवू दिली नाही. टायर, पाणी, ऑइल, दिवे, आरसे आणि हवेच्या ब्रेकचा काटा हे सगळे प्रत्येकाकडून हाताने करून घेतले. हवेचा दाब भरण्याआधी गाडी काढायची नाही आणि उतारावर ब्रेक उगाच पुन्हा पुन्हा दाबून हवा संपवायची नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की शेवटी मुले कंटाळली. पिकअप किंवा ट्रॅक्टरवरून आलेल्या माणसाला हवेच्या ब्रेकची सवय नसते, तो पायाच्या जोरावर विसंबतो. नानांचा हा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटला.

दुसरी गोष्ट वळणाची. व्हॅन वळते तशी बस वळत नाही. पुढची चाके वळली की मागच्या चाकांपलीकडचा लांब भाग उलट दिशेला बाहेर फेकला जातो आणि त्याच वेळी आतल्या बाजूचे मागचे चाक पुढच्यापेक्षा अधिक आत कापत जाते. नाना मैदानावर जुने टायर मांडून हे दाखवतात. शिकणाऱ्याला खाली उतरवून दुसऱ्याला गाडी वळवायला लावतात, म्हणजे बसचा मागचा कोपरा टायरच्या किती जवळून गेला ते त्याला बाहेर उभे राहून दिसते. कंडक्टर साइडचा आरसा तर त्यांचा आवडता विषय आहे. “आधी आरसा देख, मंग वळ” हे वाक्य भाच्याला आता झोपेतही ऐकू येत असावे. शाळेच्या बसमध्ये मुले चढतात-उतरतात ती हीच बाजू आणि दाराच्या पुढे बंपरलगत उभे असलेले लहान मूल चालकाला आसनावरून दिसत नाही, हे मात्र त्यांनी शिकवणीचा भाग म्हणून सांगितले नाही. मी विचारल्यावर सांगितले, आणि उत्तम सांगितले.

चाचणीची तयारी याहून अधिक काटेकोर होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ मध्ये निरीक्षकाने काय काय पाहावे याची यादी आहे: आरसे लावून घेणे, गाडी सुरक्षितपणे काढून सर्व गियर टाकत टॉपपर्यंत नेणे, उतारावर वेळीच खालच्या गियरमध्ये येणे, चढावर थांबून गाडी मागे न सरकवता पुन्हा काढणे, डावीकडे-उजवीकडे वळून रिव्हर्स घेणे, अचानक थांबणे, इशारे देणे. नानांनी ही यादी मराठीत लिहून प्रत्येकाला दिली आणि रोज त्यातील एकेक गोष्ट घेतली. जळगाव सपाट असल्याने चढाचा सराव कुठे करायचा, असा प्रश्न मला होता. त्यासाठी पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर रेल्वे उड्डाणपुलाचा चढ वापरला गेला. हँडब्रेक, हाफ क्लच आणि मग ब्रेकवरून पाय, या क्रमावर माझ्या भाच्याचे जितके दिवस गेले तितके अन्य कशावरही गेले नाहीत. चाचणीच्या दिवशी निरीक्षक साहेबांनी नेमके हेच करायला लावले आणि तो पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाला. जे अनुत्तीर्ण होतात त्यांना ७ दिवसांनंतर पुन्हा बसता येते, पण तिसऱ्यांदाही नापास झाल्यास ६० दिवस थांबावे लागते. हे येथील कार्यालयाने आधीच समजावून सांगितलेले असते.

रस्त्यावरील सरावासाठी बस बांभोरीचा गिरणेवरील पूल ओलांडून पाळधीकडे नेली जाते. महामार्गावरील अवजड वाहतुकीत शिकाऊ माणसाला घालणे सुरुवातीला मला धाडसाचे वाटले, पण नानांचा पाय त्यांच्या ब्रेकवरून कधी हलला नाही. केळीचे ट्रक आणि भरधाव खासगी बसगाड्या यांच्यामध्ये अंतर कसे ठेवायचे, ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओलांडताना घाई का करायची नाही, हे येथेच शिकता येते, मैदानावर नाही. उणीव अशी की गावातल्या रस्त्यांचा सराव जवळजवळ नव्हताच. शाळेची बस महामार्गापेक्षा अरुंद गल्लीत, आठवडे बाजाराच्या गर्दीत, मंदिरासमोरच्या चौकात अधिक फिरते. धरणगाव, एरंडोल, पारोळा यांपैकी कोठेही एक फेरी मारली असती तरी उपयोग झाला असता.

सर्वांत गंभीर तक्रार तासांची आहे. नियमांप्रमाणे परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असावे लागते आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास १५ पेक्षा कमी नसावेत. प्रत्येकाने किती वेळ गाडी चालवली याची नोंद नमुना १५ च्या वहीत होते आणि शेवटी नमुना ५ चे प्रशिक्षण प्रमाणपत्र मिळते, ज्याशिवाय परिवहन वाहनाचा परवाना निघत नाही. या संस्थेत एका बसवर अनेक शिकणारे एकत्र बसवले जातात, हात मात्र एकाचाच स्टेअरिंगवर असतो. मागे बसून पाहण्याचा वेळही वहीत चालवण्याच्या तासांत धरला जात होता. भाच्याने सही करताना विचारले, तेव्हा कार्यालयाने थोडी कुरकुर केली, पण पुढच्या आठवड्यापासून त्याला स्वतंत्र वेळ दिला. ज्यांनी विचारले नाही त्यांना तो मिळाला नाही. सही करण्यापूर्वी वही वाचणे हा प्रत्येक शिकणाऱ्याचा हक्क आहे आणि संस्थेने तो स्वतःहून सांगायला हवा होता.

शाळेच्या बसपुरते जे वेगळे शिकवायला हवे ते या कोर्समध्ये एका दुपारच्या व्याख्यानात उरकले जाते. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. वेगनियंत्रक, खिडक्यांचे आडवे गज, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, मदतनीस, शाळा पातळीवरील परिवहन समिती, या सगळ्या गोष्टींची यादी फळ्यावर लिहिली गेली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. अग्निशामकाची पिन कशी ओढायची, मुले खाली उतरल्यावर कोणी बसमध्ये झोपून तर राहिले नाही ना हे शेवटच्या आसनापर्यंत जाऊन कसे पाहायचे, मदतनीस दार लावून हाक देत नाही तोवर क्लच का सोडायचा नाही, हे कोणी करून दाखवले नाही. व्याख्याते नाना नव्हते, हेही कारण असावे. एक गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली: सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर ७,५०० किलोपर्यंतचे हलके परिवहन वाहन चालवण्यासाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरेसा आहे, त्यामुळे केवळ छोटी व्हॅनच चालवायची असेल तर या कोर्सवर खर्च करण्याची गरज नाही. स्वतःचे गिऱ्हाईक कमी करणारी माहिती इतक्या सरळपणे देणारी संस्था मी तरी अन्यत्र पाहिली नाही.

भाच्याने परवाना हाती आल्यावर एमआयडीसीतील कामगारांची ने-आण करणाऱ्या बसवर काम धरले आहे. अनुभवाची वर्षे तेथे मोजली जातील. ‘मामा, शाळेची बस नंतर बघू’ असे तो म्हणतो आणि मला ते योग्य वाटते. अवजड वाहन हाताळणे आणि चाचणी उत्तीर्ण होणे एवढ्यासाठी मी या संस्थेची शिफारस करीन. मात्र प्रवेश घेताना नाना स्वतः शिकवणार आहेत ना हे विचारावे, तुकडीत एका बसमागे किती जण आहेत ते पाहावे आणि शक्य असल्यास जून उजाडण्याआधीची तुकडी घ्यावी, कारण शाळा सुरू होताना चाचणीच्या तारखा मिळणे अवघड होते. फलकावरील कोर्सचे नाव बदलावे, अशी लेखी विनंती मी कार्यालयात दिली आहे. त्यांनी ती घेतली, पोच दिली, आणि फलक अद्याप तसाच आहे.