डब्यांच्या रांगेत एक बोलका डबा

साउंडबॉक्स, म्हणजे मोबाइलवरून पैसे आले की रक्कम मोठ्यानं सांगणारा डबा, बसवायला आलेल्या पोरानं आवाज पुरता वाढवला आणि म्हणाला, "काका, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल." मी चक्की चालू केली. दहा एचपीची मोटर, पट्टा आणि फिरणारा दगड. पोरानं स्वतःच्या मोबाइलवरून एक रुपया पाठवला. डब्यावरचा दिवा लुकलुकला, पण आवाज काही आला नाही. "आला का?" तो ओरडून विचारत होता. मी नुसते हात हलवले.

आमची कराडात पिठाची गिरणी आहे. अण्णांनी 1984 साली टाकली, 2009 पासून मी बघतो. गहू-शाळूची मोठी चक्की, शेजारी डाळी आणि भाजणीची छोटी, मिरचीकांडप मागच्या भिंतीपलीकडे. 2024 च्या नोव्हेंबरात हा बोलका डबा घेतला, त्याला आता अकरा महिने झाले. कुठल्या कंपनीचा ते विचारू नका. आमच्या पेठेत तीन कंपन्यांचे डबे आहेत आणि रडगाणं तिघांचं सारखंच. इंटरनेटवर याबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते मोबाइलच्या नाहीतर कपड्याच्या दुकानदारांचं. गिरणीवाल्यानं लिहिलेलं एकही दिसलं नाही, म्हणून हे.

आधी घेतला का, ते सांगतो. 2024 च्या दिवाळीच्या गर्दीत एकानं पंधरा किलो भाजणी दळून नेली आणि मोबाइल पुढं करून हिरवी टिक दाखवली. माझे हात पिठानं भरलेले, पुढं सतरा डबे रांगेत. मी मान हलवली. रात्री हिशेब केला तर 180 रुपये खात्यात नव्हतेच. खोटी टिक दाखवणारी ॲप असतात हे मला त्या रात्री पोरीनं सांगितलं. पैशापेक्षा मान हलवल्याचं वाईट वाटलं. डबा बोलला तरच पैसे आले असं समजायचं, हा नियम दुसऱ्या आठवड्यापासून लावला आणि तेवढं काम त्यानं चोख केलं. त्यानंतर एकदाही फसलो नाही.

आता आवाज. चक्की चालू असताना डबा आत ठेवला तर काही उपयोग नाही, कितीही वाढवा. म्हणून तो बाहेर ओट्याशी, खिडकीच्या गजाला बांधला. आता तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू येतो, फक्त मला येत नाही. ओट्यावर बसलेल्या काकू आत डोकावून सांगतात, "अठ्ठेचाळीस आले रे." म्हणजे यंत्र मी भाड्यानं घेतलंय आणि राखण काकू करतात.

दुसरी अडचण पिठाची. आमच्याकडं पीठ उडतं, ते कुणाला सुट्टी देत नाही. अण्णांच्या भुवया चाळीस वर्षं पांढऱ्या आहेत, केस आत्ता पिकले. तीन आठवड्यांत डब्याच्या जाळीत पीठ बसलं आणि पावसाळी हवेत त्याचा लगदा झाला. आवाज असा यायला लागला, जसा माणूस तोंडात लाडू धरून बोलतो. प्लास्टिकची पिशवी घातली तर आवाज आणखी दबला. शेवटी बायकोनं मांजरपाटाचा अंगरखा शिवला. चक्कीच्या तोंडाला पीठ उतरायला जी कापडी बाही असते, त्याच तुकड्यातला. दर रविवारी धुतो. गिरणीवाल्यांनो, हे एवढं जरी या लिखाणातून घेतलंत तरी पुष्कळ.

बॅटरी चांगली आहे. लाइट गेली तरी दिवसभर पुरते. अर्थात लाइट गेली की चक्कीच बंद, मग डबा बोलून करणार काय! आत स्वतःचं सिमकार्ड आहे, त्यामुळं माझ्या मोबाइलला रेंज नसली तरी चालतं. मराठी बरं बोलतो. "रुपये छत्तीस प्राप्त झाले." ते 'प्राप्त' ऐकून पहिल्या दिवशी अण्णा हसले होते. म्हणाले, प्रसाद मिळाल्यासारखं बोलतंय.

खरी कटकट वेगळीच आहे आणि ती बसवायला येणारा पोरगा सांगत नाही. किराणा दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं. माल घेतला, पैसे दिले, चाललं. गिरणीत तसं नाही. लोक सकाळी डबा ठेवून जातात, संध्याकाळी नेतात. पैसे कधी आधी, कधी नंतर, कधी तिसराच माणूस देतो. आठ किलो गहू आणणारी चार घरं एका सकाळी येतात, चौघांचे अठ्ठेचाळीसच. डबा सांगतो अठ्ठेचाळीस आले. पण कुणाचे? मोबाइलमध्ये नाव बघावं तर दळण सासूबाईंच्या डब्यात आणि पैसे सुनेच्या माहेरच्या नावावरून. एका घरचं दळण तर आई आणते आणि पैसे मुलगा हिंजवडीतून पाठवतो. तो दुपारी जेवायला बसला की त्याला आठवण होते. दीड वाजता ओट्यावर कुणी नसताना डबा बहात्तर रुपये बोलला, की मी ओळखतो. त्यातलं निम्मं पीठ शनिवारी एसटीनं स्वारगेटला जातं.

यावर मी शाळेची पाटी आणली. डबा बोलला की जो कुणी जवळ असेल त्यानं पाटीवर रक्कम आणि घर लिहायचं. 'बहात्तर, हिंजवडी.' 'छत्तीस, दवाखान्यासमोरच्या वहिनी.' महिना 147 रुपये 50 पैसे भाडं देऊन (सव्वाशे अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे पंचवीसेक किलो गव्हाचं दळण) शेवटी खडू आणि पाटीवर आलो. पण जमलं.

दुसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. उधारीच्या वहीला आवाज नव्हता. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटा बंद झाल्या, तेव्हा दोन महिने निम्मी पेठ आमच्या वहीवर जेवली. कुणाचे किती ते मला माहीत, त्या घराला माहीत, बास. या मार्चमध्ये एका घरानं पाच महिन्यांचे तुंबलेले 640 रुपये एकदम पाठवले. बाई ओट्यावरच उभ्या होत्या. डबा खणखणीत बोलला, "रुपये सहाशे चाळीस प्राप्त झाले." रांगेतल्या सातही माना वळल्या. सहाशे चाळीसचं दळण एका दिवसात कुणी आणत नाही, हे सगळ्यांना कळतं. बाईंनी आपला दळणाचा डबा उचलला आणि न बोलता गेल्या. पुढचे तीन आठवडे त्यांचा डबा आमच्याकडं आला नाही. चौथ्या आठवड्यात आला, तो पोराच्या हातून.

तसंच एक आजी दोन किलो शाळू आणतात. त्यांच्या आधी कुणाचे एकशे दहा वाजले आणि मागून यांचे बारा, की त्या उगीच सांगतात, "एकटीला किती लागतंय." कुणी विचारलेलं नसतं. आता आजी ओट्याची पायरी चढताना दिसल्या की मी बाहेर येऊन आवाजाचं बटण खाली दाबतो. डब्याला हे कळत नाही, त्याचा दोष नाही. पण हे बटण कुठं आहे ते कामावरच्या पोरालाही पहिल्या दिवशी शिकवा, एवढं सांगतो.

बंद पडण्याबद्दल: 12 एप्रिल 2025, हनुमान जयंतीचा शनिवार. दुपारी देशभर यूपीआय अडकलं होतं. आमचा डबा गप्प. लोकांचे पैसे कापले गेले की नाही तेही समजेना. कुणाकडं नोटा नाहीत, माझ्याकडं सुटे नाहीत. मी वही काढली. अण्णांना त्या दिवशी फार आनंद झाला. त्यांनी स्वतः पेन घेतलं.

कंपनीच्या सेवेला पाचपैकी दीड. बसवताना सहा महिने भाडं नाही म्हणाले, तिसऱ्या महिन्यात कापलं. फोन लावला की हिंदी हवं का इंग्रजी हवं, मग गाणं, मग फोन बंद. चार्जरची वायर सातव्या महिन्यात गेली. नवी यायला चार आठवडे लागले, तोवर पोरीच्या मोबाइलची वायर वापरली. आणि दर पंधरा दिवसांनी कर्ज घ्या म्हणून मेसेज. रोजच्या जमेतून थोडे थोडे कापतात म्हणे, कळणारसुद्धा नाही. जे कापलेलं कळत नाही त्याचीच मला भीती. घेतलं नाही.

जुलैत बंगळुरातल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्याची बातमी आली. त्या आठवड्यात आमच्या पेठेत दोघांनी क्यूआर कोडचे स्टिकर उलटे करून ठेवले. मी आमच्या कर सल्लागारांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, मालाच्या धंद्याला वर्षाला 40 लाख, सेवेला 20 लाख ही जीएसटी नोंदणीची मर्यादा. मी घरी येऊन सहा रुपये किलोनं भागाकार केला. वीस लाखाला सव्वातीन लाख किलोच्या वर दळण लागेल. आमची चक्की तेवढी फिरली तर नोटिशीचे पेढे वाटीन.

फिरत नाही, हेच तर खरं आहे. एके काळी दिवसाला साठ-सत्तर डबे यायचे, आता चाळीस आले तर बरा दिवस. पाकीटबंद आटा होताच. 2020 च्या टाळेबंदीनंतर बंगल्याबंगल्यात घरघंट्या आल्या. घरघंटीत गव्हाचं पीठ बरं होतं, खोटं कशाला बोलू. पण भाजणीला आणि खपलीला लोक परत आमच्याकडं येतात. दगडाला टाकी कधी लावायची, म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा कधी पाडायच्या, आणि बाजरीनंतर चक्कीत काय टाकायचं, हे अण्णांच्या हातात आहे. म्हणून मी दोन वर्षांपूर्वी भाजून, दळून तयार भाजणी विकायला सुरुवात केली. अन्न परवान्याची नोंदणी केली, तेव्हा वर्षाचे शंभर रुपये होते. या तयार भाजणीला मात्र बोलका डबा फार कामाला आला. पुण्यातल्या घरांचे पैसे आधी येतात, डबा बोलतो, मग पिशवी बांधायची. तिथं 'कुणाचे' हा प्रश्न नाही, कारण ऑर्डर आधीच पाटीवर असते. आणि मी बँकेत किंवा दगड आणायला गेलो तरी कामावरच्या पोराला पैशाचं विचारावं लागत नाही. त्यालाही संशयाखाली काम केल्यासारखं वाटत नाही. सुट्ट्यांऐवजी गोळ्या द्यायची लाज गेली, तीही जमेची बाजू.

एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा बायकोच्या अंगरख्याचा.

दिवाळीची भाजणी सुरू झालीय, रात्री नऊपर्यंत चक्की चालते. आत्ता हे लिहिताना मोटर बंद केलीय, अण्णा आत बाही झटकतायत. बाहेर गजावरून डबा बोलला, "रुपये छत्तीस प्राप्त झाले."

आतून अण्णा, रोजच्यासारखे: "कुणाचे?"