६०६१-सिलिकॉन कार्बाइड कंपोझिट: झीज कमी करायला टी-६, टी-५ की नुसतं ओतीव?

६०६१ ॲल्युमिनियमात वजनाने १० टक्के सिलिकॉन कार्बाइड घालून स्टर कास्टिंगने (वितळलेल्या धातूत कण ढवळून, मग ओतून) बुश किंवा स्लाइडर केला, की बहुतेक जण थेट टी-६ सांगतात, म्हणजे भाग खूप तापवून, पाण्यात झटकन थंड करून (क्वेंच) आणि मग कमी तापमानाला काही तास ठेवून (एजिंग) कडक करणं. पण आधी तीन गोष्टी बघा: भार किती, चालताना तापमान किती आणि ओतकाम कसं झालंय.

भार हलका असेल तर ओतीव अवस्थेतच भागतं. घासण्याचा मार कठीण कणच घेतात, मॅट्रिक्सच्या (कणांना धरणाऱ्या धातूच्या) कडकपणाने फारसा फरक पडत नाही. भार वाढला की मऊ धातू कणाखाली दबतो आणि कण उपटला जातो. सुटलेला कण दोन्ही पृष्ठभागांवर ओरखडे काढत फिरतो. टी-६चा खरा फायदा इथे आहे, कारण कडक मॅट्रिक्स कण धरून ठेवतं.

टी-५मध्ये फक्त एजिंग. सावकाश थंड झालेल्या वाळूच्या कास्टिंगला त्याचा फायदा कमीच, कारण मॅग्नेशियम आणि सिलिकॉन आधीच जाडसर कणांच्या रूपात बाहेर पडलेले असतात. प्रेशर डाय कास्टिंगला मात्र टी-५च बरं. आत अडकलेला वायू टी-६च्या ५३० अंशांना फुगतो आणि पृष्ठभागावर फोड येतात.

टी-६ करायचं तर ५३० अंश सेल्सिअसला साधारण २ तास, तेही जॉब त्या तापमानाला पोचल्यापासून मोजून. भट्टीच्या डायलवर भरवसा नको, थर्मोकपल जॉबला टेकवा. भट्टीतून काढून पाण्यात टाकणं १० ते १५ सेकंदांत. वेडावाकडा आकार असेल तर पाणी ६०-७० अंशांचं, नाहीतर जॉब वाकतो.

सर्वाधिक चूक एजिंगच्या वेळेत होते. साध्या ६०६१ला १७५ अंशांना सुमारे ८ तास लागतात; कंपोझिटच्या कडकपणाचा कळस बऱ्याचदा त्याआधीच येतो. ॲल्युमिनियमचं प्रसरण सिलिकॉन कार्बाइडच्या पाचपटीच्या आसपास असल्याने क्वेंच होताना कणांभोवती डिसलोकेशन्सची (स्फटिकातल्या दोषरेषांची) गर्दी होते, आणि कडकपणा देणारं मॅग्नेशियम सिलिसाइड तिथे लवकर बसतं. म्हणून २, ४, ६, ८ तासांचे तुकडे काढून स्वतःचा आलेख काढा. कडकपणा ब्रिनेलवर मोजा, १० मिमी गोळी, ५०० किलो भार. मायक्रो-विकर्सची टोकदार खूण कणावर पडली की आकडा फसवतो.

कडकपणा वाढूनही झीज तशीच राहिली, तर दोष कण आणि धातू यांच्या जोडात शोधा. वितळलेला धातू ७५० अंशांवर फार वेळ राहिला की ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं आणि ओलाव्याने कुजतं. ६०६१मध्ये ही क्रिया रोखणारं सिलिकॉन जेमतेम ०.४ ते ०.८ टक्के, त्यामुळे बचाव नाही. ए३५६ या ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये ते ७ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने तोच मिश्रधातू घ्यावा, असं आमचं मत. कणांवर ऑक्साइडचा थर देऊन जोड सुधारतो, पण तो थर मॅग्नेशियम खातो आणि एजिंगचा फायदा घटतो. ॲल्युमिना कणांतही हीच अडचण येते.

भाग सतत २०० अंशांवर चालणार असेल तर टी-६वर पैसे घालू नका. ओव्हरएजिंग (गरजेपेक्षा जास्त एजिंग) होऊन कमावलेला कडकपणा कामातच निघून जातो. तिथे टी-७ (मुद्दाम जास्त एजिंग) करून आकार स्थिर ठेवा आणि कणांचं प्रमाण वाढवा.

समोरचा भाग साध्या मऊ स्टीलचा असेल तर घट्ट धरलेले कण त्यालाच खातात. ईएन-३१ (बेअरिंगचं स्टील) कडक करून, ६० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) आसपास, वापरा. आणि पिन-ऑन-डिस्क चाचणीत (फिरत्या चकतीवर पिन घासून झीज मोजतात) पिनसोबत डिस्कचंही वजन आधी-नंतर घ्या.