घड्याळ सोन्याचे नव्हते, सोनेरी होते

वडिलांच्या एकसष्टीला कार्तिए या फ्रेंच कंपनीचे जुने सोन्याचे घड्याळ द्यायचे, हे पॅरिसमध्ये नोकरी लागली तेव्हाच मी मनाशी ठरवले होते. घड्याळ रोज चावी द्यावी लागणारेच हवे होते, कारण ज्या माणसाने उभा जन्म एचएमटीला चावी दिली, त्याला बॅटरीचे घड्याळ हे घड्याळच वाटत नाही. लुई कार्तिए यांनी १९१७ मध्ये आखलेला चौकोनी 'टँक' माझ्या मनात होता आणि पॅरिसच्या उत्तरेकडील क्लिन्याँकूरच्या जुन्या बाजारात तो मला एका दुकानात, काचेखाली, निळ्या मखमलीवर ठेवलेला दिसला.

दुकानदार साठीचा, मृदुभाषी आणि मुळीच घाई न करणारा होता. घड्याळ अठरा कॅरेटचे आहे, हे त्याने मला तीन वेळा सांगितले. पाठीवर कंपनीचे नाव आणि क्रमांक यांशिवाय काहीच का नाही, असे मी विचारले, तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांच्या वापराने बाकीची अक्षरे झिजली, असे उत्तर मिळाले. तबकडीवरच्या रोमन आकड्यांत लपवलेली कंपनीची बारीक सही त्याने भिंगातून दाखवली आणि मी विरघळलो. ती सही खरी असली, तरी तिचा केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, धातूशी काहीही संबंध नसतो, हे तेव्हा मला सुचले नाही. साडेतीन हजार युरो मोजून मी पावती खिशात घातली.

पुण्यात आमच्या नेहमीच्या सराफांनी घड्याळ तळहातावर तोलले आणि वडिलांकडे न पाहता मला विचारले, "उघडू का?" त्यांच्या कारागिराने मशीन बाहेर काढले, झाकणाच्या आतल्या कडेला कानशीने जेमतेम केसभर खरवडले आणि पिवळ्याखालून पांढरी चांदी दिसली. टंच काढण्याची गरजच उरली नाही.

कार्तिएने १९७७ मध्ये 'मस्ट' या नावाने स्वस्त टँक बाजारात आणले. त्यांची केस ९२५ चांदीची असून तिच्यावर २० मायक्रॉन सोन्याचा मुलामा असे आणि ही माहिती कंपनी स्वतःच पाठीवर कोरत असे. म्हणजे माझे घड्याळ नकली नव्हते. कोणीतरी पाठ घासून ती अक्षरे घालवली होती, उघडी पडलेली चांदी पुन्हा मुलाम्याने झाकली होती आणि तबकडी रंगवताना 'मस्ट' हा शब्द गाळला होता. अशी अस्सल वस्तू खोट्या धातूच्या नावावर विकलेली असते तेव्हा नक्कल ओळखण्याचे नेहमीचे धडे उपयोगी पडत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पाहायला हवा होता तो ठसा. अठरा कॅरेट सोन्यासाठी फ्रान्समध्ये १८३८ पासून गरुडाच्या डोक्याचा ठसा मारतात. स्विस बनावटीच्या जुन्या केसवर स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या हेल्वेशिया देवीचे मस्तक आणि ०.७५० हा आकडा असतो. ठसा एवढासा असतो आणि घासून पुसट झालेला असू शकतो, हे खरे. पण तो कुठेच दिसत नसेल, तर केस विक्रेत्यासमोर उघडून घ्यावी आणि तो नाही म्हणाला, तर दुकानातून बाहेर पडावे.

मी फोन केला तेव्हा दुकानदार जराही गडबडला नाही. त्याने मला पावती वाचायला सांगितली. तिच्यावर 'दोरे' असे लिहिले होते, ज्याचा अर्थ सोनेरी, मुलाम्याचे. सोन्याचे असते तर 'आँ ओर' असे लिहिले असते. तोंडाने तीनदा सोने म्हणणाऱ्या त्या माणसाने कागदावर मात्र एका शब्दात खरे लिहून ठेवले होते, आणि तो कागद मी दुकानात उलगडूनही पाहिला नव्हता. चौदा दिवसांत माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क तिथे ऑनलाइन किंवा फोनवरून केलेल्या खरेदीला मिळतो, दुकानात उभे राहून केलेल्या खरेदीला नाही, हेही त्यानेच मला सौजन्याने समजावले.

वडील ते घड्याळ रोज घालतात. पट्ट्याजवळचा एक कोपरा आता पांढरा दिसू लागला आहे आणि सकाळी चावी देताना त्यांचा अंगठा नेमका तिथेच टेकतो.